अध्यक्षबाईंकडे बघून बोला

९ जानेवारी, गुरुवार

आज मी अडुसष्ट वर्षं आणि अकरा दिवसांची झाले, आणि आज मला न्यूयॉर्कहून टीव्हीवाल्यांचा फोन आला. ही नवी वही त्यासाठीच उघडली आहे. जुनीत चार पानं शिल्लक होती, पण तिच्यात नुसते बर्फाचे आणि गुडघ्याचे हिशेब आहेत.

सगळं घडलं डिसेंबरातल्या खास गावसभेमुळे. शेजारच्या जिल्ह्यातला एक उमेदवार स्वतःचा कॅमेरावाला घेऊन आमच्या सभागृहात शिरला आणि पुलाच्या विषयात मध्येच उठून देश कसा रसातळाला चाललाय ते ओरडून सांगू लागला. मी हातोडी आपटली. म्हणाले, "साहेब, तुम्ही या गावचे मतदार नाही. इथे बोलायचं तर सभागृहाची परवानगी लागते. तोवर त्या भिंतीजवळच्या बाकावर बसा आणि टोपी काढा." तो बसला. टोपीही काढली! आमची गावकारकून डॉट ग्रिग्ज हिने ते चित्रण गावाच्या पानावर टाकलं आणि महिन्याभरात चाळीस लाख लोकांनी पाहिलं. गावात आहेत सहाशे बारा माणसं.

फोनवर मॅलरी नावाची मुलगी होती. क्लिंट हॅवर्डच्या 'थेट सवाल' कार्यक्रमाची निर्माती. म्हणाली, "मॅडम, सगळा देश एकमेकांवर ओरडतोय आणि तुम्ही एका वाक्यात माणूस खाली बसवलात. आम्हाला तुम्ही हव्या आहात."

छत्तीस वर्षं मी मुलांना इतिहास शिकवला, वादविवादाचे संघ तयार केले. निवृत्तीच्या आधीपासून, एकोणीस वर्षं, ईस्ट कॉर्विनच्या गावसभेची अध्यक्ष आहे. अध्यक्षाने स्वतःचं मत बोलून दाखवायचं नसतं. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा कुणी दिली? मीच मागून घेतली. एकोणीस वर्षं जीभ दातांखाली धरून बसले. आता बोलणार!

१३ जानेवारी, सोमवार

झालं! बोलले! कोटही न काढता आधी वही उघडली.

दुपारी चार वाजता वाचनालयात दिवे लावले, माझ्या नाकावर पावडर मारली, कानात ऐकायचं एक बोंड बसवलं. पडद्यावर क्लिंट हॅवर्ड. त्याचे दात माणसाच्या आधी पोहोचतात. दुसऱ्या चौकटीत वॉशिंग्टनचा कुणी प्रवक्ता, तिसऱ्या चौकटीत त्याच्या विरुद्ध पक्षाचा. दोघं एकदम सुरू झाले. मी तीस सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "एका वेळी एक. आणि एकमेकांकडे नाही, अध्यक्षाकडे बघून बोला. रागावलेल्या माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून सभ्य राहता येत नाही, म्हणून दोनशे तीस वर्षांपूर्वी आमच्या गावाने हा नियम केला. तुम्ही तो नियम विकून टाकलात आणि त्या जागी जाहिराती घेतल्या!"

क्लिंट खो खो हसला. "आयडा थेयर, तुम्हाला मी अध्यक्ष करतो!" मॅलरीने नंतर कानात सांगितलं, "मॅडम, पुन्हा यायचं. दर पंधरवड्याला."

घरी गाडी चालवत आले ती मोठमोठ्याने भाषण करत. गुडघा दुखला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

दर गुरुवारी दहा वाजता मर्ल स्प्रेग कॉफीला येतो. त्याच्या मेपलच्या रानाची आणि माझ्या परसाची कड एकच. तो रिपब्लिकन, मी डेमोक्रॅट. तीस वर्षं आम्ही त्याच्याच ट्रकमधून मतदानाला जातो आणि एकमेकांचं मत रद्द करून परत येतो. गावसभेत दरवर्षी माझं नाव अध्यक्षपदासाठी तोच सुचवतो. उठतो, "आयडा थेयर" म्हणतो, बसतो. वर्षभरातलं त्याचं भाषण तेवढंच. शब्द संपायच्या आत त्याची पाठ खुर्चीला टेकलेली असते.

"बघितलं," तो म्हणाला.

"मग?"

"ओरडलीस."

"मुद्दाच तसा होता!"

"असेल. हातोडी हातात असली की ओरडत नाहीस." त्याने डोनट मोडून कॉफीत बुडवला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "रेनीला फोन केला मी."

रेनी त्याची एकुलती एक मुलगी. बर्लिंग्टनला एका दवाखान्यात कामाला असते. दोन वर्षं बापलेकीचं बोलणं नाही. "वा! फारच छान!" मी म्हणाले. आणि तेवढ्यात मॅलरीचा फोन आला, पुढचा विषय ठरवायला. फोन संपला तेव्हा मर्ल कप विसळून निघून गेलेला. पुढच्या वेळी नीट विचारलं पाहिजे.

२७ जानेवारी, सोमवार

आज पडले. सपशेल.

रात्रंदिवस तयारी केली होती. अथेन्सची सभा, आमच्या घटनेवर झालेले वाद, प्रतिनिधीगृहात काठ्या उगारल्या गेल्या तो काळ. आज काही नवीन बिघडलेलं नाही, आधी बिघडून सावरलेलं आहे, हे सगळं सप्रमाण सांगायचं होतं. दुसऱ्या वाक्याला क्लिंटने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. चौथ्या वाक्याला जाहिरात.

मॅलरी गोड बोलली. "मॅडम, तुम्ही कमाल आहात. पण लोकांना अथेन्सचा पेरिक्लीस नको असतो. माणूस द्या. तुमच्या गावातला, खराखुरा. राजकारणाने ज्याचं घर मोडलं असा एखादा असेल ना?"

मी म्हणाले, "कुठल्या गावात नसतो?"

"मग तोच द्या."

तिचं बरोबर आहे. वर्गातही मी तारखा सांगितल्या की मुलं झोपायची, आणि उपाशी सैनिकाच्या फाटक्या बुटांची गोष्ट सांगितली की मान वर करायची. वक्तृत्वाचं पहिलं तत्त्व मीच विसरले.

३ फेब्रुवारी, सोमवार

हा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

खरं तर पुढच्या सोमवारी जायचं होतं, पण आजचा पाहुणा गळला म्हणून मॅलरीने सकाळी बोलावलं. क्लिंटने विचारलं, "आयडा, देश खरंच एवढा दुभंगलाय, की आम्ही टीव्हीवाले उगाच बोंब मारतो?"

मी सांगितलं. माझा एक शेजारी आहे, मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करणारा. दोन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला त्याची मुलगी आली. कोपऱ्यात टीव्ही चालू, असाच एक कार्यक्रम. पडद्यावरच्या माणसाने एक वाक्य टाकलं, बापाने त्याला हो म्हटलं, मुलीने नाही म्हटलं. जेवणातलं गोड वाढायच्या आधीच ती उठून गेली. त्यानंतर त्या बापाने तिला आठ पत्रं लिहिली. माफीची. आणि मार्च महिन्यात रस उकळताना कढईखालच्या जाळात एकेक करून आठही टाकली. "आणि क्लिंट," मी म्हणाले, "त्या वर्षीचा पाक आम्ही सगळ्यांनी पॅनकेकवर ओतून खाल्ला. हा आहे आजचा अमेरिकी माणूस! तो दुष्ट नाही. त्याला बोलायचं आहे. त्याच्या घरात तुम्ही इतका आवाज केलात की त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना!"

स्टुडिओत तीन सेकंद शांतता. तीन! मॅलरी म्हणते टीव्हीवर तीन सेकंद म्हणजे एक युग. क्लिंट हॅवर्डने डोळे पुसले. ते दात पहिल्यांदाच झाकलेले दिसले.

नाव घेतलं नाही मी. गावाचंही नाही. ज्याचं नाव घेतलं नाही त्याचं गुपित फोडलं असं होत नाही. हे मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. का कोण जाणे. झोप यायची नाही म्हणून असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

'आठ पत्रं' या नावाने ते चित्रण देशभर फिरतंय! ओरेगनहून एका आजोबांनी लिहिलं की त्यांनी त्याच दिवशी मुलाला फोन केला. टेक्ससमधल्या एका चर्चमध्ये त्यावर प्रवचन झालं. मी आयुष्यभर जे वर्गातल्या तीस डोक्यांत घालू शकले नाही ते एका संध्याकाळी लाखोंच्या काळजात गेलं. शब्दात ताकद असते हे मी नुसतं शिकवत होते. आज पाहिलं.

मर्ल कॉफीला आला नाही. झाडांना रसाच्या नळ्या बसवायचे दिवस आलेत, त्यात गुंतला असेल. डोनट मीच खाल्ले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गावकचेरीत गेले होते. डॉट टपालाच्या ढिगाऱ्यामागे बसलेली.

"हे सगळं माझं?" मी विचारलं.

"निम्मं तुझं. निम्म्यावर नुसतं 'मेपलचा पाक करणारे गृहस्थ, ईस्ट कॉर्विन' असं लिहिलंय. इथे तसा एकच आहे, आयडा."

"बघ! लोकांना किती कळवळा आहे!"

डॉटने टपालाचा ढीग बाजूला सरकवला. "मर्लने फोनची तार काढून ठेवलीये. माहितीये तुला?"

"अगं, बरंच केलं. ते विक्रीवाले फारच छळतात."

"आयडा," ती म्हणाली, आणि मग शिक्का उचलून पाकिटावर जोरात मारला. "काही नाही. विषयपत्रिका छापून आलीये. घेऊन जा."

डॉट थोडी मत्सरी झाली आहे की काय? चित्रण टाकलं तिने आणि नाव झालं माझं. मनुष्यस्वभाव आहे. मी मनाला लावून घेत नाही.

मोठी बातमी: क्लिंट हॅवर्ड स्वतः, कॅमेऱ्यांसह, गावसभेला येणार! देशाला दाखवणार की लोकशाही अजून कुठे जिवंत आहे!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चार गुरुवार झाले. आज मीच मर्लच्या पाक करायच्या खोपटीवर गेले. दाराला कुलूप. धुरांड्यातून मात्र धूर. पायरीवर डोनटची पिशवी ठेवून आले.

रुसलाय का? पण मी तर त्याचं चित्र किती थोर रंगवलं! सगळा देश त्याच्यावर जीव टाकतोय. एखाद्या माणसाला आपला पुतळा उभारल्याचा राग यावा तसं झालं हे.

हातोडीला तेल लावून ठेवलं. मंगळवारी गावसभा, माझ्या अध्यक्षपदाचं विसावं वर्ष.

४ मार्च, मंगळवार, संध्याकाळी

सगळं जसं घडलं तसं लिहिते. आता सजवायचं नाही.

सकाळी नऊला सभागृह भरलं होतं. क्लिंट आणि त्याची माणसं भिंतीजवळच्या परक्यांच्या बाकावर, कॅमेरा माझ्यावर. मी निळा कोट घातला होता. मॅलरीने निवडलेला. झेंड्याला वंदन झालं. डॉट उठली. "विषय पहिला. अध्यक्षाची निवड. नावं सुचवा."

मी मर्लकडे बघितलं. तो तिसऱ्या रांगेत होता, शेजारच्या खुर्चीवर त्याचा कोट. तो उठला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बघा, माणूस आपला तो आपलाच.

"यूनिस लँबर्ट," मर्ल म्हणाला, आणि बसला.

यूनिस! शाळेची बस चालवते. माझ्याच वर्गात होती. फळ्याजवळ बोलावलं की कानापर्यंत लाल व्हायची. मी दुसऱ्या कुणीतरी माझं नाव घेण्याची वाट बघितली. कॅमेरा चालू होता. सभागृहात एवढी माणसं, आणि खोकलासुद्धा ऐकू येईना. टीव्हीवरचे ते तीन सेकंद मी मोजले होते. हे मोजता आले नाहीत.

"बाजूचे?" डॉटने विचारलं, आणि सगळं सभागृह म्हणालं, "हो." ओरडून नाही. हळूच. तेच जास्त लागलं.

मी हातोडी यूनिसच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी. "बाई, मी सांगितलं नव्हतं हो त्यांना," ती कुजबुजली. खाली आले तर जागा एकच, मर्लच्या शेजारी. त्याने कोट उचलला. म्हटलं, रागावला असेल, पण जागा धरली आहे माझ्यासाठी.

आणि मग, खोटं कशाला लिहू, अंगात वीजच आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी साधी मतदार होते. आता मला बोलता येत होतं! तिसरा विषय अग्निशमन गाडीचा. मी उठले. कॅमेरा वळला. मी म्हणाले, "मित्रांनो, आज हा देश एका जळत्या घरासारखा…"

टक्. हातोडी वाजली.

"बाई," यूनिस म्हणाली. कान लाल, पण आवाज स्थिर. बसमधल्या पोरांना गप्प करायची सवय. "कॅमेऱ्याकडे नाही. माझ्याकडे बघून बोला. आणि आत्ता विषय गाडीचा आहे."

लोक हसले. पहिल्यांदा मुलं हसली, मग सगळे. क्लिंटही. मी बसले. मर्ल हसला नाही. तो समोर बघत होता.

बाराला जेवणाची सुट्टी झाली. राजम्याचा वाडगा घेऊन मी डॉटला कोपऱ्यात गाठलं. "एवढा मत्सर बरा नाही," मी म्हणाले. "टीव्हीवर गेले म्हणून गावाने मला असं…"

"टीव्हीवर गेलीस म्हणून?" डॉटने चमचा खाली ठेवला. "अगं बये, तू टीव्हीवर गेलीस तेव्हा आम्ही इथे पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो! ती पत्रं त्याने कुणाला सांगितली होती?"

"मला."

"फक्त तुला. आणि जानेवारीत त्याने रेनीला फोन केला होता. ती आज येणार होती. जेवायला. दोन वर्षांनी. मग तुझी गोष्ट फिरली, पत्रकार तिच्या दवाखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. तिला वाटलं बापानेच तुझ्या तोंडून तिचं दुःख टीव्हीला विकलं. तू त्याला न विचारता बोललीस हे तो सांगेना, मग तिने तरी काय समजायचं?"

"का नाही सांगितलं त्याने तसं?"

"ते तूच विचार त्याला," डॉट म्हणाली. "त्या खुर्चीवरचा कोट कुणासाठी होता असं वाटलं तुला?"

सोळा जानेवारीचं पान मी आत्ता पुन्हा वाचलं. 'पुढच्या वेळी नीट विचारलं पाहिजे.' माझंच अक्षर आहे.

जेवणानंतर क्लिंटने मला बाजूला घेतलं. "आयडा, हे तर सोन्यासारखं झालं! गावाने हाकललेली अध्यक्ष! दारात उभ्या राहा, दोन वाक्यं द्या. दोनच. आम्हाला तीनचं विमान आहे."

दोन वाक्यं नव्हे, दोनशे तयार होती. खरं सांगते, जिभेवर आली होती. पण मला बोलायचं होतं ते एका माणसाशी, आणि तो आत होता. "साहेब," मी म्हणाले, "माझा विषय अजून यायचाय." त्याला काही कळलं नाही. ते गेले. भिंतीजवळचा बाक रिकामा झाला.

लगेच बोलावं म्हणून मी चौथ्या विषयाला उठले. "अध्यक्षबाई, मला श्री. स्प्रेग यांच्याबद्दल…"

मर्ल उठला. "हरकतीचा मुद्दा. विषयाला धरून नाही." बसला.

"हरकत योग्य आहे," यूनिस म्हणाली. "बाई, शेवटी ऐनवेळचे विषय आहेत."

मीच शिकवलेले नियम! मग मी बसून राहिले. रस्त्यावरच्या बर्फावर टाकायचं मीठ, स्मशानाचं कुंपण, कुत्र्यांचे परवाने, वाचनालयाचं छप्पर. तेवीस विषय. अडीच तास मर्लच्या शेजारी, त्याच्या मुलीच्या खुर्चीवर. त्याच्या बाहीला धुराचा आणि पाकाचा वास येत होता. आयुष्यात इतका वेळ मी न बोलता, हातात हातोडी नसताना, कधी बसले नव्हते. माणसं कुत्र्यांच्या परवान्यावर बोलत होती आणि मी पहिल्यांदा त्यांना ऐकत होते. वेळ मोजत नव्हते.

"ऐनवेळचे विषय," यूनिस म्हणाली.

मी उठले. मर्लकडे वळायचं नव्हतं. नियम आहे, आणि त्या नियमाचे मी आज पाय धरले असते. त्याच्या डोळ्यांत बघून मला ते बोलताच आलं नसतं.

"अध्यक्षबाई," मी म्हणाले. "आपल्यामार्फत सांगते. एका माणसाने माझ्या घरात, कॉफी पिताना, मला एक गोष्ट सांगितली. ती मी देशाला सांगितली. परवानगी घेतली नाही. परक्या माणसाला इथे बोलायचं तर परवानगी लागते, हे मी एकोणीस वर्षं सगळ्यांना ठणकावलं. दुसऱ्याचं दुःख बोलायलाही ती लागते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तीन सेकंदांच्या शांततेसाठी मी ती गोष्ट दिली. श्री. स्प्रेग यांनी ती कुणालाही विकली नाही, मला सांगायला लावली नाही. मी सांगितली. आयडा थेयर हिने. हे इतिवृत्तात माझ्या नावानिशी नोंदवावं, आणि त्याची एक प्रत डॉटने बर्लिंग्टनला रेनी स्प्रेग हिला पाठवावी, अशी विनंती."

बस, एवढंच. अथेन्स नाही, अमेरिका नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. डॉटची पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता.

"नोंद घेतली," यूनिस म्हणाली. "श्री. स्प्रेग, आपल्याला काही बोलायचंय?"

मर्ल उठला. टोपी हातात फिरवली. यूनिसकडेच बघत होता.

"सभा संपवावी असा ठराव मांडतो," तो म्हणाला.

"अनुमोदन?"

एरवी या ठरावाला दहा जण एकदम ओरडतात. सगळ्यांना घरी जाऊन गाई बघायच्या असतात. आज कुणी बोललं नाही. आणि तेव्हा मला दिसलं, मर्ल बसला नव्हता. तीस वर्षांत शब्द संपायच्या आत बसणारा माणूस टोपी धरून तसाच उभा होता, समोर बघत.

"अनुमोदन," मी म्हणाले.

मग तो बसला.